सभागृहात खोटा आरोप झाला, तर खासदाराने दाद मागायची कुठे?

तळटीप

२ एप्रिल २०२५ ला लोकसभेत वक्फ सुधारणा विधेयकावर चर्चा चालू होती. बोलण्याच्या ओघात भाजपचे खासदार अनुराग ठाकूर यांनी वक्फ जमिनींच्या संदर्भात मल्लिकार्जुन खर्गे यांचं नाव घेतलं. खर्गे लोकसभेत नाहीतच, ते राज्यसभेतले विरोधी पक्षनेते. काँग्रेसच्या बाकांवरून गदारोळ झाला आणि ते शब्द कामकाजातून काढले गेले. दुसऱ्या दिवशी खर्गे राज्यसभेत उभे राहिले. आरोप सिद्ध करा, मी राजीनामा देतो, नाहीतर माफी मागा, असं त्यांनी सुनावलं. शब्द काढले तरी व्हायचं ते नुकसान होऊन गेलं, हीच त्यांची मुख्य तक्रार होती.

आरोप खरा की खोटा, हा या धाग्याचा विषय नाही. त्यावर भांडायला इतर धागे आहेत. मला कार्यपद्धतीत रस आहे. एका लोकप्रतिनिधीने दुसऱ्यावर सभागृहात खोटा आरोप केला (किंवा दुसऱ्याला तो खोटा वाटला), तर पुढे काय होतं?

माझ्या वाचनात आलेलं थोडक्यात लिहितो. लोकसभेचा नियम ३५३ सांगतो की कोणाही व्यक्तीवर बदनामीकारक किंवा गुन्ह्याचा ठपका ठेवणारा आरोप करायचा तर आधी अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना पुरेशी सूचना द्यावी लागते, म्हणजे मंत्र्यांना चौकशी करून उत्तर देता येईल. आरोप होऊन गेला असेल, तर नियम ३५७ खाली अध्यक्षांच्या परवानगीने वैयक्तिक खुलासा करता येतो, मात्र त्यावर चर्चा होत नाही. अध्यक्षांना शब्द अयोग्य वाटले तर नियम ३८० खाली ते काढून टाकता येतात. त्यापुढची पायरी हक्कभंगाची, म्हणजे सभागृहाच्या किंवा सदस्याच्या विशेषाधिकारांचा भंग झाल्याच्या तक्रारीची.

आणि एक मार्ग असा आहे ज्याचं नाव बातम्यांत जवळजवळ येतच नाही: अध्यक्षांचे निर्देश, क्रमांक ११५. मंत्र्याच्या किंवा दुसऱ्या सदस्याच्या निवेदनात चूक आहे असं वाटलं, तर आधी अध्यक्षांना पत्र लिहायचं, चूक नेमकी कोणती ते सांगायचं, असतील ते पुरावे जोडायचे. अध्यक्ष ते समोरच्याकडे वस्तुस्थितीसाठी पाठवू शकतात. परवानगी मिळाली की तक्रार करणारा सभागृहात निवेदन करतो आणि समोरच्यालाही उत्तराचं निवेदन करता येतं.

माझं मत असं, की आपल्याकडे सगळी गर्दी हक्कभंगाच्या दारात होते, आणि खोट्या आरोपावर सगळ्यात कमी उपयोगाचं दार तेच आहे.

कोपरखळी

दाद कुठे मागायची? कॅमेऱ्यासमोर, संसदेच्या पायऱ्यांवर. पुढचा प्रश्न.

काळाकोट

कोर्टात का जाता येत नाही हे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. घटनेचं कलम १०५(२) (विधिमंडळांसाठी १९४(२)). सभागृहात बोललेल्या कशाहीबद्दल सदस्यावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. 'कशाहीबद्दल' म्हणजे किती व्यापक, याचा निकाल १९७० सालीच लागला: तेज किरण जैन विरुद्ध संजीव रेड्डी. पुरीच्या शंकराचार्यांच्या अस्पृश्यतेविषयीच्या वक्तव्यावर १९६९ मध्ये लोकसभेत चर्चा झाली, सदस्य त्यांच्याबद्दल तिखट बोलले. शंकराचार्यांच्या अनुयायांनी २६,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. प्रतिवाद्यांत खुद्द माजी अध्यक्ष संजीव रेड्डी होते आणि तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाणही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सभागृहाच्या कामकाजात बोलले ना, मग विषय संपला.

म्हणून तर 'हिंमत असेल तर बाहेर येऊन बोला' हे आव्हान दिलं जातं. बाहेर तेच वाक्य बोललं की अब्रुनुकसानीचा कायदा लागू होतो.

२०२४ च्या सीता सोरेन निकालाने हे संरक्षण कमी झालं असा एक गैरसमज फिरतो. तो निकाल लाच घेऊन मत देण्याबद्दल किंवा बोलण्याबद्दल आहे. खोटं बोलण्याबद्दल नाही.

खडीसाखर

पण शब्द कामकाजातून काढले की झालं ना? नोंदीतच राहिलं नाही तर आरोप झालाच नाही असं धरायचं. मला तर ही शिक्षा बरी वाटते, झटपट.

निवृत्त_प्रतिवेदक

खडीसाखरताई, मी आयुष्यभर सभागृहातली भाषणं उतरवून घेतली, म्हणून सांगतो. शब्द काढतात तेव्हा छापील कामकाजात ती जागा कोरी राहत नाही. तिथे तारका येतात आणि खाली टीप येते, की अध्यक्षांच्या आदेशावरून काढले. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की इथे काहीतरी होतं. काय होतं ते कळत नाही, आणि म्हणून कुतूहल उलट वाढतं. त्यातून ज्याच्यावर आरोप झाला त्याचा पुढचा खुलासा मात्र तसाच छापला जातो. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक ते पान उघडेल तेव्हा त्याला एक माणूस तावातावाने कशाचा तरी इन्कार करताना दिसेल, कशाचा ते दिसणार नाही.

पूर्वी निदान एवढं तरी होतं, की काढलेले शब्द वर्तमानपत्रांना छापता येत नसत. पाटण्याच्या 'सर्चलाइट'ने मे १९५७ मध्ये बिहार विधानसभेतल्या एका भाषणाचा काढलेला भाग छापला. संपादकांवर हक्कभंगाची कारवाई सुरू झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५८ च्या डिसेंबरात चार विरुद्ध एक असा निकाल सभागृहाच्या बाजूने लागला. आता भाषण थेट प्रक्षेपित होतं. अध्यक्ष 'नोंदीत जाणार नाही' म्हणेपर्यंत तुकडा कापून मोबाइलवर पोचलेला असतो. तारका फक्त कागदावर.

भीमथडी

काका, तुमच्या मुंबईच्या सभागृहातही 'पस्तीसची नोटीस दिलीत का?' (आरोपाआधी नोटीस द्यायचा तिथला नियम ३५) हे ऐकून कान किटलेत. नोटीस दिली नसेल तर आरोप करता येत नाही, मान्य. पण तोपर्यंत आरोप करून झालेला असतो! आणि गंमत अशी की जो पक्ष सत्तेत असतो त्याला नोटिशीचा नियम आठवतो, विरोधात गेला की तोच पक्ष तो विसरतो.

मुळात तुम्ही सगळे नियमांवर बोलताय, माणसावर नाही. निर्णय कोण देणार? अध्यक्ष. अध्यक्ष कोणाच्या मतांवर निवडून येतात? बहुमताच्या. संपलं.

तळटीप

भीमथडी, तुमचा मुद्दा अर्धा पटतो. त्यासाठी एक प्रकरण नीट बघू, कारण त्यात निर्णय दोन दिवसांत आला आणि कारणांसकट आला.

२५ मार्च २०२५, राज्यसभा, आपत्ती व्यवस्थापन सुधारणा विधेयक. अमित शहा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीबद्दल बोलताना म्हणाले, की काँग्रेसच्या राजवटीत या निधीवर एकाच कुटुंबाचं नियंत्रण होतं आणि काँग्रेस अध्यक्ष त्याच्या समितीत असत. हा सोनिया गांधींवर बिनबुडाचा आरोप आहे असं म्हणत जयराम रमेश यांनी हक्कभंगाची सूचना दिली. सभापती धनखड यांनी २७ मार्चला ती फेटाळली. आधार काय, तर जानेवारी १९४८ चं सरकारी प्रसिद्धिपत्रक. निधी सुरू करताना नेहरूंनी जी समिती जाहीर केली होती तिच्यात पंतप्रधान आणि काँग्रेस अध्यक्ष, दोघेही होते. शहांनी तो कागद सादर केला होता.

आता बघा, वाक्यात दोन गोष्टी होत्या. समितीत काँग्रेस अध्यक्षांना जागा होती, हा तपशील. त्याला कागदाचा आधार निघाला. 'एका कुटुंबाचं नियंत्रण' हा त्या तपशिलातून काढलेला अर्थ, राजकीय शेरा. १९८५ मध्ये निधीचं व्यवस्थापन पूर्णपणे पंतप्रधानांकडे सोपवलं गेलं होतं, ही तिसरी गोष्ट चर्चेत यायला हवी होती. पण हक्कभंगाच्या चाचणीत ती मावत नाही. त्या चाचणीत निवेदन चुकीचं असून भागत नाही, बोलणाऱ्याला ते चुकीचं आहे हे माहीत होतं आणि त्याने जाणूनबुजून सभागृहाची दिशाभूल केली, हे दाखवावं लागतं. मनात काय होतं ते कागदावर कसं दाखवणार? त्यामुळे जवळजवळ प्रत्येक सूचना तिथेच अडखळते. अध्यक्ष कितीही तटस्थ असले तरी अडखळेल.

रमेश यांच्यापाशी ११५ सारखा मार्ग असता आणि त्यांनी तो घेतला असता, तर १९४८ चा कागद आणि १९८५ चा बदल दोन्ही एकाच दिवशी नोंदीत आले असते. वाचणाऱ्याने काय ते ठरवलं असतं.

भीमथडी

आणि बातमी कुठल्या पानावर आली असती? हक्कभंग म्हटलं की पहिल्या पानावर येते. खासदार वेडे नाहीत हो.

तळटीप

हे मात्र खरं आहे. २०१८ चं राफेल विमान खरेदीचं बघा ना. २० जुलैला अविश्वास ठरावावर बोलताना राहुल गांधींनी गुप्ततेच्या कराराबाबत फ्रान्सच्या अध्यक्षांचा हवाला दिला, फ्रान्सने लगेच २००८ च्या कराराकडे बोट दाखवलं, भाजपने हक्कभंगाची सूचना दिली, आणि चार दिवसांत काँग्रेसने पंतप्रधान व संरक्षणमंत्र्यांविरुद्ध तशीच सूचना दिली. अध्यक्षांच्या खुर्चीत आपल्या चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्राताई महाजन. दोन्ही बाजूंना मथळे मिळाले. गुप्ततेचं कलम नेमकं किती लागू होतं, हे त्या सूचनांमुळे कोणाला कळलं?

काळाकोट

प्रक्रियाही सोपी नाही. सकाळी दहापर्यंत लेखी सूचना, एका बैठकीत एकच प्रश्न, विषय ताजा आणि नेमका हवा. अध्यक्षांनी संमती दिली आणि सभागृहात कोणी हरकत घेतली तर किमान २५ सदस्य उभे राहायला हवेत. लहान पक्षाच्या एकट्या खासदाराला हे जमणार? अध्यक्ष स्वतः समितीकडे पाठवू शकतात, पण समितीही (लोकसभेत १५, राज्यसभेत १० सदस्य) पक्षीय बळानुसारच.

फेब्रुवारी २०२३ आठवा. अदाणींवरच्या भाषणानंतर निशिकांत दुबे आणि प्रल्हाद जोशी यांनी राहुल गांधींविरुद्ध सूचना दिल्या. त्यात नियम ३५३ चाच मुद्दा होता, की आधी नोटीस न देता आरोप केले. भाषणातला बराच भाग काढला गेला आणि शिवाय सचिवालयाने १५ फेब्रुवारीपर्यंत उत्तर मागवलं. म्हणजे जे शब्द नोंदीतच नाहीत, त्यांच्याबद्दल खुलासा द्या!

खडीसाखर

म्हणजे ३५३ 'कोणाही व्यक्तीवर' म्हणतो तर तो अदाणींना लागू आणि खर्गेंनाही लागू. बरोबर ना? मग ठाकूरांनी नोटीस दिली होती का, हे कोणी विचारलं का?

कोपरखळी

खडीसाखर यांना नियम समितीवर घ्या.

टेम्सकाठी

इकडचं सांगते. ब्रिटिश कॉमन्समध्ये दुसऱ्या सदस्याला 'खोटं बोललास' म्हणताच येत नाही, त्यासाठी स्वतंत्र ठराव आणावा लागतो. २२ जुलै २०२१ ला डॉन बटलर यांनी पंतप्रधान जॉन्सन खोटं बोलले असं म्हटलं आणि शब्द मागे घेईनात, तर त्यांनाच बाहेर काढलं. जॉन्सन आत, बटलर बाहेर! पुढे पार्टीगेटवर (कोविडच्या निर्बंधांच्या काळात सरकारी कार्यालयांत झालेल्या पार्ट्यांचं प्रकरण) जॉन्सननी सभागृहाची दिशाभूल केली का, हे तपासायचं काम सभागृहाने विशेषाधिकार समितीकडे दिलं. सात सदस्य, त्यातले चार जॉन्सन यांच्याच पक्षाचे, अध्यक्षपदी लेबरच्या हॅरिएट हारमन. जून २०२३ मध्ये अहवाल आला: जाणूनबुजून दिशाभूल केली. सभागृहाने तो ३५४ विरुद्ध ७ मतांनी स्वीकारला. जॉन्सननी आधीच राजीनामा दिला होता, नाहीतर ९० दिवसांच्या निलंबनाची शिफारस झाली असती, असं समितीने लिहून ठेवलं.

स्वतःच्या पक्षाचे चार लोक विरोधात जातात, यातच सगळं आलं. नियम तुमच्याकडचे आणि आमच्याकडचे बरेचसे सारखेच आहेत.

वैयक्तिक खुलाशाबद्दल एक. तो इथे सगळे शांतपणे ऐकून घेतात, मध्ये कोणी बोलत नाही, कारण सदस्य शब्दाचा पक्का आहे असं गृहीत धरलेलं असतं. ब्रिटिश मंत्री प्रोफ्युमो यांनी एका तरुणीशी असलेल्या संबंधांबद्दल मार्च १९६३ मध्ये असाच खुलासा केला आणि तो खोटा निघाला. जूनमध्ये राजीनामा द्यावा लागला. भानगडीपेक्षा सभागृहात दिलेला तो खोटा खुलासा त्यांना जास्त महागात पडला.

भीमथडी

टेम्सकाठी, चार लोक विरोधात गेले कारण जॉन्सन तोपर्यंत पडलेले होते. पडत्या माणसाला ढकलायला तत्त्व लागत नाही.

टेम्सकाठी

चौकशी सुरू करायचा ठराव एप्रिल २०२२ चा. तेव्हा ते पंतप्रधान होते आणि सभागृहात त्यांचं दणदणीत बहुमत होतं. तारखा बघून बोला.

मेलबर्नची_मावशी

तळटीप, तुम्ही जे म्हणताय त्याच्या जवळ जाणारी व्यवस्था ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने १९८८ पासून ठेवली आहे. सभागृहाबाहेरच्या कोणावर सिनेटमध्ये ताशेरे मारले गेले, तर तो माणूस सिनेटच्या अध्यक्षांकडे लेखी उत्तर पाठवू शकतो. ते विशेषाधिकार समितीकडे जातं आणि समितीने शिफारस केली तर उत्तर अधिकृत कामकाजात छापलं जातं. महत्त्वाचं कलम हे की समितीने कोण खरं, कोण खोटं हे तपासायचंच नाही. मूळ विधानाचं नाही, उत्तराचंही नाही. उत्तर आटोपशीर आहे, त्यात नवी शिवीगाळ नाही, एवढंच बघायचं. कोणाला दोषी ठरवायचं नसल्यामुळे पक्षीय ओढाताण कमी होते. कनिष्ठ सभागृहानेही १९९७ मध्ये अशीच सोय केली.

निवृत्त_प्रतिवेदक

हे मला पटलं. माझा आक्षेप तुमच्या ११५ च्या उत्साहालाच होता. अध्यक्षांनी खरं-खोटं ठरवावं असा आग्रह धरलात तर उद्या प्रत्येक आकड्यावरून खुर्चीवर पक्षपाताचा आळ येईल. पण ११५ मध्येही अध्यक्ष न्यायाधीश होत नाहीत, दोन निवेदनं शेजारी शेजारी ठेवतात. तेवढंच असेल तर चालेल. एकच शंका: परवानगी द्यायची की नाही आणि कधी द्यायची, हे अध्यक्षांच्या मर्जीवर आहे. अधिवेशन संपल्यावर मिळालेल्या परवानगीचा काय उपयोग?

तळटीप

मुदत घालावी, असं माझंही म्हणणं आहे. त्याच अधिवेशनात, किंवा आरोप शेवटच्या आठवड्यात झाला असेल तर पुढच्या अधिवेशनाच्या सुरुवातीला. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं.

खडीसाखर

आणि आचार समिती? खासदार महुआ मोइत्रांचं प्रकरण तिकडेच गेलं होतं ना?

काळाकोट

गेलं, पण ते उलट्या बाजूचं आहे. तिथे तक्रार भाषणातल्या आरोपाची नव्हती, प्रश्न विचारण्यासाठी लाभ घेतल्याची होती. दुबे यांची तक्रार ऑक्टोबर २०२३ ची, समितीने अहवाल सहा विरुद्ध चार मतांनी संमत केला, ८ डिसेंबरला हकालपट्टी. २०२४ मध्ये त्या कृष्णनगरमधून पुन्हा निवडून आल्या. या धाग्यापुरता एक तपशील कामाचा आहे: सदस्य नसलेल्याने तक्रार केली तर ती खोटी, खोडसाळ नाही असं प्रतिज्ञापत्र लागतं आणि ती एखाद्या सदस्यामार्फत यावी लागते. सदस्याने केली तर प्रतिज्ञापत्र नको. खासदाराच्या शब्दावर एवढा भरवसा!

तुलनेसाठी १९५१ चं मुद्गल प्रकरण बघा. एच. जी. मुद्गल, मुंबईचे, काँग्रेसचेच सदस्य. मुंबईच्या सराफा संघाकडून पैसे घेऊन संसदेत त्यांची बाजू मांडल्याचा आरोप. नेहरूंनी स्वतः ठराव आणून टी. टी. कृष्णम्माचारींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमायला लावली. आपल्याच पक्षाचा माणूस होता, तरी. मुद्गल यांना बाजू मांडायला पूर्ण वाव मिळाला. हकालपट्टी टाळायला त्यांनी शेवटी राजीनामा दिला, तर सभागृहाने त्या राजीनाम्याच्या भाषेवरही नापसंतीचा ठराव केला.

भीमथडी

नेहरूंचा काळ होता, मान्य. पण मूळ प्रश्नाचं काय? खर्गे राज्यसभेत, ठाकूर लोकसभेत. खर्गेंनी कुठे जायचं?

काळाकोट

यालाही जुना दाखला आहे. १९५४ मध्ये एन. सी. चॅटर्जी (लोकसभेचे सदस्य, हिंदू महासभेचे नेते, आणि पुढे अध्यक्ष झालेल्या सोमनाथ चॅटर्जींचे वडील) हैदराबादच्या एका भाषणात राज्यसभेबद्दल टाकून बोलले. राज्यसभेने त्यांना जाब विचारायचा की नाही, यावरून दोन सभागृहांत जुंपली. शेवटी दोन्हींच्या विशेषाधिकार समित्या एकत्र बसल्या आणि पद्धत ठरली: एका सभागृहाने दुसऱ्याच्या सदस्याला बोलवायचं नाही. आपल्या पीठासीन अधिकाऱ्यामार्फत प्रकरण तिकडे पाठवायचं आणि तिकडच्यांनी आपल्या सदस्याचं बघायचं. म्हणजे खर्गेंच्या तक्रारीचा निर्णय लोकसभेतच होणार.

खडीसाखर

मग ११५ खर्गेंना वापरता येणारच नाही? तो तर लोकसभेच्या अध्यक्षांचा निर्देश.

काळाकोट

स्वतः नाही. लोकसभेतल्या एखाद्या सदस्याने त्यांच्या वतीने पत्र लिहावं लागेल. निर्देशाची भाषा चूक दाखवणाऱ्या 'सदस्या'बद्दल आहे, चूक कोणाबद्दल झाली याची अट नाही.

निवृत्त_प्रतिवेदक

थांबा. ठाकूरांचे ते शब्द तर काढले गेलेत. ११५ खाली कुठल्या निवेदनातली चूक दाखवणार? तारकांतली?

तळटीप

हा पेच मला सुटलेला दिसत नाही. शब्द काढून घेण्यासाठी जो पक्ष आरडाओरडा करतो तोच स्वतःचा दुरुस्तीचा मार्ग बंद करून घेतो. म्हणून गदारोळाच्या वेळी 'काढून टाका' ऐवजी 'राहू द्या, मी उत्तर देतो' म्हणणं शहाणपणाचं ठरेल. कोणता पक्षप्रतोद हे आपल्या खासदारांना शिकवेल, हा प्रश्न वेगळा.

कोपरखळी

पक्षप्रतोद आत्ता पायऱ्यांवर बाइट देतायत. आले की विचारतो.